दगडांना प्लास्टर घालणाऱ्या सिस्टर

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या सिस्टर परब दगडांना प्लास्टर घालत असत.

हे मी विनोद म्हणून सांगत नाही. रविवारी संध्याकाळी त्यांच्या मागच्या दारात जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली असत, घमेल्यात पाणी भरलेलं असे, आणि नारळाएवढा एखादा धोंडा मांडीवर घेऊन सिस्टर त्याच्याभोवती ओल्या पांढऱ्या पट्ट्या गुंडाळत बसलेल्या असत. मधूनच त्या धोंड्याला दरडावत, "हलायचं नाही!" धोंडा हलत नसे. सिस्टरांपुढे सहसा कुणीच हलत नसे.

महापालिकेच्या एका इस्पितळात, प्लास्टर-रूममध्ये, त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्त होऊन त्या आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत राहायला आल्या, पण इस्पितळ काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, हाडं राहत. पहिल्या मजल्यावरचे जोशी म्हणजे "ती गुडघ्याची वाटी". तिसऱ्या मजल्यावरच्या शहाबेन म्हणजे "उजवं मनगट, वाकडं जुळलेलं". जिन्यात भेटल्या तर नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट तुमच्या कमरेत अंगठा रुतवून, "इथं दुखतं?" असं विचारत. नाही म्हटलं तर दुखेपर्यंत दाबत. आणि मग समाधानानं त्यांचं ठरलेलं मालवणी वाक्य टाकत, "दुखतला, पण मरूचस नाय."

माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला आलेल्या माझ्या सासऱ्यांना त्यांनी पंगतीतून उठवून भिंतीला पाठ लावून उभं केलं होतं. पाहुणे जिलबी खात होते आणि सासरे भिंतीला चिकटून उभे होते. मला ती संध्याकाळ अजून आवडते.

मी त्या वेळी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. हे पद आमच्याकडे जो मीटिंगला गैरहजर असेल त्याला देत. मला मात्र ते मानवलं. बँकेत मी कारकून होतो, घरी नवरा होतो. "आपला विश्वासू, सेक्रेटरी" अशी सही करायला मिळेल अशी जगात ही एकच जागा होती. सिस्टर मला सेक्रेटरी याच नावानं हाक मारत, पण अशा सुरात, की वॉर्डातला एखादा आळशी वॉर्डबॉय डोळ्यांपुढे यावा.

तर सिस्टर आणि दगड. दर रविवारी सकाळी, सगळी सोसायटी नव्या रंगीत टीव्हीसमोर मालिकेला बसलेली असताना, त्या पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, छत्री आणि खाकी पिशवी घेऊन बाहेर पडत. पिशवीत प्लास्टर फोडायची हातोडी. जायचं ठिकाण ठरलेलं : मालाडच्या, नाहीतर जोगेश्वरीच्या दगडखाणी. उन्हं उतरताना परत येत त्या पिशवीत तीन-चार धोंडे घेऊन. ही त्यांची "फाशिलं". फॉसिल हा शब्द त्यांनी ग्रंथालयातल्या एका इंग्रजी पुस्तकात वाचला होता आणि लगेच त्याला मालवणी नागरिकत्व देऊन टाकलं होतं. एक फाशील, दोन फाशिलं.

प्रत्येक फाशिलाला प्लास्टर, आणि प्लास्टरवर चिकटपट्टीनं डकवलेला केसपेपर. त्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात : "नाव – माहीत नाही. वय – जुनाट. आणलं कुठून – मालाड, वरची खाण. तक्रार – नाही."

"हा डायनासोरचा गुडघा," त्या एकदा मला म्हणाल्या होत्या.

मी बघितलं. मला तो दगड दिसला. "कशावरून?"

"माका शिकवतंस? चाळीस हजार गुडघे बघितलेत मी."

"डायनासोरचे?"

"गुडघा तो गुडघा रे. लहान काय, मोठा काय."

घर भरलं तेव्हा फाशिलं दाराबाहेर आली. दाराबाहेरून जिन्याखाली, जिन्याखालून मीटरच्या खोलीत, मीटरच्या खोलीतून पाण्याच्या टाकीभोवती. रांगेनं, पांढरीशुभ्र, एखाद्या वॉर्डात पेशंट झोपवावेत तशी. मी नोटिसा काढत गेलो. माझ्या मराठीला त्या काळात विलक्षण धार आली होती. "सार्वजनिक जागेत वैयक्तिक दगडांचे अतिक्रमण" हे शब्द माझे आहेत. सिस्टर नोटीस वाचत, शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करत आणि परत माझ्या दाराखालून सरकवत.

शेवटी एका सकाळी आमचे चेअरमन प्रधानसाहेब स्कूटर काढताना "डायनासोरचा जबडा" या फाशिलावर आपटून पडले. पडल्यावर त्यांना उचलायला पहिल्या धावल्या त्या सिस्टरच. त्यांनी प्रधानसाहेबांचा घोटा चार ठिकाणी दाबला, मोडलेला नाही असं जाहीर केलं आणि मग काळजीनं जबडा तपासला.

तातडीची सभा भरली. प्रधानसाहेब सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. एखादी गोष्ट सरळ "नको" म्हणून संपवायची नाही, कागद मागून संपवायची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते म्हणाले, "बाई, हे दगड नाहीत, राष्ट्रीय ठेवा आहे असं तुमचं म्हणणं. उत्तम. एखाद्या म्युझियमचं तसं पत्र आणा. पत्र आलं तर दगड राहतील. नाहीतर महिनाअखेर सगळे बाहेर."

सगळ्यांना वाटलं, झालं, संपलं.

"आणते," सिस्टर म्हणाल्या. "गुजरातेत डायनासोरचं म्युझियम निघालंय. पेपरात आलं होतं. मी जाते. पण हा सेक्रेटरी माझ्याबरोबर येणार. नाहीतर उद्या म्हणाल, बाईनं पत्र घरी बसून लिहिलं."

ठराव एकमतानं मंजूर झाला. सगळ्यात आधी हात माझ्या बायकोनं वर केला.

बोरीवली स्टेशनवर गुजरातकडची गाडी पकडायची होती. सामान म्हणजे माझी एक बॅग आणि सिस्टरांची पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत निवडक अकरा फाशिलं. हमालानं ट्रंक डोक्यावर घेतली आणि तो दोन पावलं चालला, तेवढ्यात सिस्टर कडाडल्या, "ठेव खाली!" त्यांनी त्याला वळवलं, पाठीच्या कण्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हा मणका गेलाय तुझा. महिनाभर ओझं उचलायचं नाही. समजलं?" मग माझ्याकडे नजर टाकून, "सेक्रेटरी, तुझी कंबर ठणठणीत आहे."

ट्रंक मी उचलली. हमाल शेजारून मोकळ्या हातांनी चालत आला आणि कसं उचलावं ते मला सांगत होता.

त्या गावाचं नाव मी सांगत नाही. तिथली माणसं भली आहेत आणि झाल्या प्रकाराची त्यांना आधीच पुरेशी लाज वाटलेली आहे. म्युझियम नवंकोरं होतं, अजून रंगाचा वास येत होता. मोठ्या दालनात मधोमध डायनासोरचा सांगाडा उभा होता. शेपटीपासून डोक्यापर्यंत आमच्या दोन बिल्डिंगांमधल्या अंतराएवढा. मी आ वासून बघत राहिलो. इतकं मोठं काही बघितलं की माणसाला आपोआप टोपी काढावीशी वाटते. माझ्या डोक्यावर टोपी नव्हती म्हणून मी चष्मा काढला.

सिस्टरांनी चष्मा चढवला. हात पाठीमागे बांधले. आणि राउंड सुरू केला. शेपटीपासून निघाल्या, कमरेशी थांबल्या. वाकल्या. दोरी ओलांडून आत शिरल्या.

"बहेनजी, हाथ नहीं लगाने का!" पहारेकरी धावला.

"हात न लावता तपासू कशी? हा बोलणार आहे का, कुठं दुखतं ते?"

गडबड ऐकून आतून एक तरुण अधिकारी आले. डॉक्टर मेहता. पुण्यात शिकलेले, त्यामुळे मराठी चांगलं बोलणारे. सिस्टरांनी डॉक्टर हा शब्द ऐकताच पदर सारखा केला. "कसले डॉक्टर? हाडांचे?"

"तसंच म्हणा. जुन्या हाडांचे."

"मग हे तुम्हाला दिसलं कसं नाही? ह्याची मांडीची हाडं उलटसुलट झालीत. डावं हाड उजवीकडे बसवलंय, उजवं डावीकडे."

मेहता हसले. "काकी, हे तज्ज्ञांनी जोडलंय."

"आमच्याकडचे सर्जनही असंच म्हणत. मग फोटो काढला की गप्प. बघा ना, मांडीच्या हाडाचा गोळा आत खुब्यात बसतो. ह्याचा बाहेर बघतोय. असा पाय घेऊन हा चालला असेल तर दोन पावलांत बसला असेल."

मेहतांनी माझ्याकडे पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहून, बाईंना सोडून द्या, अशा अर्थाची डोळ्यांनी खूण केली. सुशिक्षित माणसं एकमेकांना असं ओळखतात. आम्ही दोघंही हसलो. मग ते म्हणाले, "आणलंय काय तुम्ही, ते तर बघू."

त्यांच्या टेबलावर सिस्टरांनी अकरा फाशिलं मांडली. प्लास्टर स्वतः कापलं. कात्री अशी चालवली की मेहता बघतच राहिले. पट्टी उघडताना आतल्या दगडाला ओरखडा नाही. पण दगड तो दगडच.

"हा बेसॉल्ट," मेहता म्हणाले. "आपला साधा काळा दगड."

"आणि हा?"

"हाही काळा दगड."

तिसरा काळा दगड. चौथ्यात पांढरे स्फटिक होते, "सुंदर आहे, पण फॉसिल नाही." डायनासोरचा गुडघा काळा दगड निघाला. जबडा, ज्याच्यावर प्रधानसाहेब आपटले होते, तोही. शेवटी सिस्टरांनी कापसात गुंडाळलेलं अंडं काढलं. हे त्यांचं सगळ्यात लाडकं फाशील. मेहतांनी नखानं खरवडलं आणि अंडं हळूच खाली ठेवलं.

"सांगा," सिस्टर म्हणाल्या.

"काकी, हे सिमेंट आहे. कुणा गवंड्यानं टाकलेला गोळा वाळलाय."

मी मोठ्यानं हसलो. आता लिहिताना ते लपवून ठेवावं असं वाटतं, पण हसलो हे खरं. चार वर्षांच्या नोटिसा, लाल शाई, स्टेशनभर वाहिलेली ट्रंक, सगळ्याची भरपाई त्या हसण्यात होती. आता सिस्टर भडकतील, मेहतांचा मणका दाबतील, असं वाटून मी सरसावून बसलो.

त्या भडकल्या नाहीत. एकेक दगड उचलून पुन्हा ट्रंकेत ठेवू लागल्या. इतकी वर्षं त्यांना माझ्यापेक्षा उंच समजत आलो होतो. उभ्या राहिल्या तेव्हा त्या माझ्या खांद्याला लागत होत्या.

तेवढ्यात मागच्या खोलीतून काही पडल्याचा आवाज आला आणि कुणीतरी गुजरातीत चरफडलं.

"काय फुटलं?" सिस्टरांनी विचारलं.

"काही नाही. आमचे कांतिभाई. खोदून आणलेल्या हाडाला प्लास्टर घालतायत. हाड कच्चं असतं ना, आणताना-नेताना फुटू नये म्हणून..."

मेहतांचं वाक्य पुरं होण्याआधी सिस्टर मागच्या खोलीत पोचल्या होत्या. आम्ही मागोमाग गेलो. एका लांब टेबलावर मातीत रुतलेलं मोठं हाड होतं, आणि कांतिभाई नावाचे म्हातारे गृहस्थ कोपरापर्यंत पांढरे होऊन त्याच्याशी झगडत होते. प्लास्टरच्या गुठळ्या झाल्या होत्या. पट्टी गळून जमिनीवर पडली होती.

सिस्टर एक क्षणभर बघत राहिल्या. मग बांगड्या मागे सारल्या.

"पाणी आधी, पावडर मग. पावडरीवर पाणी ओततात होय? आणि खाली कापूस कुठाय? कापूस नसला तर ओला कागद घ्या. नाहीतर उद्या प्लास्टर काढताना कातडी... म्हणजे हाड निघून येईल त्याच्याबरोबर. सेक्रेटरी, बादली! पट्टी पाण्यात धरा. बुडबुडे येतायत? येऊ देत. थांबले की मगच काढायची. आता पिळा. एवढी नको, कपडे धुताय काय?"

पाऊण तासात त्या हाडाभोवती असं प्लास्टर बसलं की हाड आजच्या आज घरी सोडायला हरकत नव्हती. कांतिभाईंनी हात जोडले. सिस्टरांनी ओल्या तळव्यानं प्लास्टर गुळगुळीत केलं आणि सवयीनं म्हणाल्या, "हलायचं नाही."

चहा आला. मेहतांच्या आवाजातला काकींना समजावण्याचा सूर आता गेला होता. "सिस्टर," ते म्हणाले, "तुमचा हात असा, नजर अशी. मग हे दगड... कुणीही एका नजरेत सांगेल, साधे आहेत. तुम्ही खाणीत जाऊन नक्की बघता काय?"

सिस्टरांनी कप खाली ठेवला. मग पर्समधून गोळ्यांची एक चपटी पत्र्याची डबी काढली, झाकण उघडलं, वरचा कापूस बाजूला केला.

आत पाटीच्या तुकड्यासारखा काळा पातळ दगड होता. त्यावर एक बेडूक. खरा बेडूक नव्हे, त्याची हाडं. अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा. डोकं, पाठीची बारीक माळ, पसरलेले पाय, सगळं कुणी सुईनं कोरावं तसं.

मेहतांनी भिंग घेतलं. "हा कुठं मिळाला तुम्हाला? हा... सिस्टर, हा डायनासोरांच्या आसपासच्या काळातला आहे. तुमच्या मुंबईत लाव्हाच्या दोन थरांमध्ये असा दगड सापडतो. तुम्ही हा आधी का नाही दाखवलात?"

"हा मला मिळालेला नाही," सिस्टर म्हणाल्या. "मला दिलेला आहे. म्हणून ट्रंकेत नव्हता."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी केसपेपर वाचून दाखवावा तसं सांगितलं.

आठ वर्षांपूर्वी त्यांच्या इस्पितळात केरबा नावाचा एक खाणकामगार आला. सुरुंगाचा धोंडा पायांवर पडला होता. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, डावा सहा महिने प्लास्टरमध्ये. भेटीच्या वेळेला सगळ्या खाटांभोवती माणसं जमत. केरबाकडे कुणी येत नसे. "मलाही त्या वेळात काही काम नसे," सिस्टर म्हणाल्या. "वॉर्ड नातेवाइकांनी भरलेला. मी त्याच्या खाटेपाशी जाऊन बसायची. तो गावाकडच्या गप्पा सांगायचा. खोट्या असायच्या. पण सांगायचा झकास."

घरी जायच्या दिवशी त्यानं उशाखालून हा दगड काढून दिला. सुरुंग लागला त्याच दिवशी त्याला सापडला होता, कनवटीला बांधलेला तसाच इस्पितळात आला होता. "म्हणाला, बघा सिस्टर, ह्याचे चारी पाय शाबूत हायेत. मला म्हणाला आणि हसला."

"मग?" मेहतांनी विचारलं.

"महिन्यानं नवा पाय बसवायला ये म्हटलं होतं. माप मीच घेतलं होतं. पाय आला. केरबा आला नाही."

पाय प्लास्टर-रूमच्या कपाटात पडून राहिला. पत्ता म्हणून रजिस्टरात नुसतं "खाण, मालाड" एवढंच. म्हणून एका रविवारी सिस्टर मालाडला गेल्या.

"खाणीत शंभर माणसं. सगळी डोळे वर करून बघायला लागली. मुकादम म्हणाला, कोण पाहिजे? नाव सांगितलं. तर म्हणाला, तुमचा कोण लागतो?" सिस्टरांनी कप बाजूला सारला. "आता काय सांगू? पेशंट म्हटलं. तर तो हसला. बाकीचे पण हसले. पेशंटला शोधायला सिस्टर खाणीत येते होय, म्हणाले. मला काही सुचेना. पायाशी दगड होता तो उचलला. म्हटलं, मी दगड गोळा करते. तशी सगळे गप्प झाले. वेड्या बाईला कुणी काही विचारत नाही रे. बसायला देतात, पाणी देतात. मग बसायचं आणि जाणारा-येणारा बघायचा. निघताना चार दगड उचलायचे, नाहीतर उद्या परत येऊ द्यायचे नाहीत."

मी ट्रंकेकडे बघितलं. अकरा दगड. फॉसिल शोधणारा माणूस खाली बघत चालतो. या बाईनं आठ वर्षांत खाली बघितलंच नव्हतं.

"आणि तो पाय?" मी विचारलं. इतक्या वेळात माझं हे पहिलंच वाक्य होतं.

"माझ्या कपाटात आहे. रिटायर झाले तेव्हा घेऊन आले. त्याच्या मापाचा आहे, दुसऱ्या कुणाला काय उपयोग?"

मेहतांनी भीतभीतच विचारलं, हा बेडूक म्युझियमला द्याल का. माझ्यातला सेक्रेटरी अजून जिवंत होता; मी म्हणालो, "सिस्टर, नीट विचार करा. हा एकच खरा आहे. हा दिलात तर घरी राहतील ते नुसते दगड. पत्राचा उपयोग नाही. कमिटी ऐकणार नाही."

"मी मेल्यावर तुझी कमिटी ह्याला कुठं टाकील, सांग? टाकीशेजारच्या खड्ड्यात." त्यांनी डबी मेहतांपुढे सरकवली. "ठेवा. पण माझं नाव लिहायचं नाही. केरबाचं लिहायचं. शोधणारा, केरबा, खाण कामगार. मोठ्या अक्षरात."

परतीच्या गाडीत त्यांनी कुणाचाही मणका तपासला नाही. समोरचा एक म्हातारा स्वतःहून मान धरून कण्हत होता, तरी नाही.

सभेत मी मेहतांनी दिलेलं पत्र वाचून दाखवलं. एक बेडूक, अस्सल, म्युझियमकडे जमा. बाकी दगड, साधे. प्रधानसाहेब म्हणाले, "म्हणजे आमचंच बरोबर होतं." केरबाबद्दल मी काही बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी त्याचा पत्ता लेखी मागितला असता. दगड टाकीशेजारच्या खड्ड्यात भरायचे ठरले. दोन मजूर लावले. सिस्टर स्वतः उभ्या राहून देखरेख करत होत्या : "पाठीतून वाकू नका, गुडघ्यातून वाका." खड्डा भरल्यावर त्यांनी पायांनी दाबून बघितला.

दीड महिन्यानं मेहतांचं पत्र आलं. बेडूक काचेच्या पेटीत ठेवला आहे, खाली केरबाचं नाव आहे. आणि खाली, जरा बारीक अक्षरात : मांडीची हाडं खरोखरच अदलाबदल झाली होती, ठेकेदाराची चूक, आता सरळ बसवली आहेत, सिस्टरांना कळवावं. पत्र घेऊन मी तळमजल्यावर गेलो. मांडीच्या हाडांची ओळ त्यांनी वाचली न वाचल्यासारखी सोडली. नावाची ओळ दोनदा वाचली.

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी मी दूध घेऊन येत होतो, तर सिस्टर फाटकातून बाहेर पडत होत्या. कॅनव्हासचे बूट होते, छत्री होती. खाकी पिशवी नव्हती. काखेत मांजरपाटात गुंडाळलेली काहीतरी लांब वस्तू होती. एका टोकाला कापड सुटलं होतं आणि त्यातून तपकिरी बुटाचं नवंकोरं टोक बाहेर आलं होतं.

"आज दगड नाहीत?" मी विचारलं.

"दगड नाय आणूचे आता. आज सरळ इचारतलंय."

"कुणी विचारलं, तुमचा कोण, तर?"

"ह्यो दाखयतलंय." त्यांनी काखेतला पाय जरा वर केला. "नाव इसारतत माणसां. ह्यो कोण इसारतलो?"

मी त्यांच्याबरोबर गेलो असं लिहायला मला आवडलं असतं. मी गेलो नाही. मालिका सुरू व्हायची वेळ झाली होती आणि दूध तापायचं होतं. पण त्या दिवसापासून रविवारी संध्याकाळी मी कारण नसताना फाटकाशी उभा राहू लागलो. उन्हं उतरताना त्या येत, बूट धुळीनं लाल, पाय तसाच काखेत. मी काही विचारत नसे. त्याच आपण होऊन थांबत, छत्री मिटत आणि मला हजेरी द्यावी तसं सांगत.

"मालाड झालं. पुढच्या रविवारी कांदिवली."